ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यात मुक्काम: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

डिसेंबर जवळ आला की पुण्या-मुंबईकडून फोन सुरू होतात. तानसेन समारोहाला यायचंय, किल्ला बघायचाय, आणि मुक्कामाला ‘हॉटेल नको, जुन्या वाड्यात असतं तसं काहीतरी बघा’. मागणी रास्त आहे. लष्कर नावाच्या इथल्या जुन्या भागात अशा जागा आहेत. पाच-सात खोल्या, मालक त्याच वाड्यात राहणारे, दारावर पाटी असली तर वीतभर. पण हॉटेल निवडायची रीत इथे चालत नाही. हॉटेलात एक खोली पाहिली की सगळ्या पाहिल्यासारख्या. वाड्यात एका खोलीत जानेवारीतही सकाळचं ऊन पलंगापर्यंत येतं आणि तिच्या शेजारच्या खोलीत दुपारी बाराला दिवा लावावा लागतो. भाडं मात्र दोन्हींचं सारखंच. म्हणून वाडा किती जुना, कुठल्या सरदाराचा, ही चौकशी सावकाश करा. आधी खोली कुठली मिळणार ते विचारा. या लेखातलं बाकी सगळं त्याच एका प्रश्नाभोवती आहे.

आधी जागा समजून घ्या

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ टाकला. तो तळ पुढे हललाच नाही, त्याचंच शहर झालं. ते आजचं लष्कर. सरदारांनी आपापल्या मानकऱ्यांसह भोवती वस्ती केली. फालका बाजार, महाडिक की गोठ, शिंदे की छावनी, दौलतगंज, जनकगंज ही नावं आजही रिक्षावाल्याच्या तोंडी आहेत. किल्ल्याच्या पायथ्याची जुनी वस्ती वेगळी, आणि मुरार, म्हणजे पूर्वीची इंग्रजांची छावणी, ती आणखी वेगळी. वाड्यात राहायचं असेल तर शोध लष्करातच घ्यायचा. मध्यबिंदू धरा महाराज बाडा. टाउन हॉल, पोस्टाची इमारत, व्हिक्टोरिया मार्केट आणि शिंद्यांच्या देवघराची गोरखी असा सगळा चौक तिथे आहे. तिथून पायी पोचता येईल अशी जागा मिळाली तर उत्तम.

यातली एक गोष्ट नवख्या माणसाला माहीत नसते. अखंड वाडा आता जवळजवळ कुणाकडेच नाही. दोन-तीन पिढ्यांत वाटण्या झाल्या. पुढचा चौक एकाकडे, मागचा दुसऱ्याकडे, रस्त्याकडची दालनं दुकानदारांना भाड्याने, माडीवर जुने भाडेकरू. मुक्कामाची जागा म्हणजे बहुधा यातला एक चौक किंवा एक मजला. तेव्हा संकेतस्थळावर दिसणारा नक्षीचा दरवाजा सगळ्यांचा असतो. त्यातून शिरल्यावर आधी एखाद्या कापड दुकानाचं गोदाम लागतं, मग कुणाची तरी स्कूटर, मग तुमचा जिना. याने बिचकू नका. पण ‘आत पूर्ण वाडा आपलाच’ असं मनात धरून येणाऱ्यांचा विरस होतो, म्हणून सांगून ठेवलं.

सरदारी थाट हवा असेल आणि खिसा साथ देत असेल, तर जयविलास महालाच्या शेजारी उषा किरण पॅलेस आहे. पूर्वी ते शिंद्यांचं अतिथिगृह होतं, आता ताज समूह चालवतो. तिथे जाणाऱ्याला या लेखाची गरज नाही, तिथे विचारण्याआधी सगळं होतं. आपण बोलतोय ते खालच्या पायरीबद्दल, जिथे काकू स्वतः चहा आणून देतात आणि गीझरचं बटण जिन्यात असतं.

आणि ‘हेरिटेज’ या पाटीबद्दल. केंद्राच्या पर्यटन खात्याच्या वर्गवारीत हेरिटेज हॉटेल म्हणवून घ्यायला इमारत १९५० पूर्वीची लागते. छोट्या वाड्यांपैकी फारसं कुणी त्या भानगडीत पडत नाही. उलट, कालपरवाच्या सिमेंटच्या इमारतीला प्लास्टरची कमान लावून हेरिटेज लिहिणारे भरपूर. ओळखायचं कसं? खिडकीचा फोटो मागवा. जुन्या भिंतीतली खिडकी इतकी खोल असते की तिच्या कट्ट्यावर माणूस मांडी घालून बसतो. छताचाही मागवा. इथल्या जुन्या घरांची छतं वाळूच्या दगडाच्या लांब पटियांची, तुळयांवर एकीला एक लावून बसवलेली. त्या पटिया दिसल्या की बाकी प्रश्न नको.

महिना बघून मजला ठरवा

या पायरीवर घाई करू नका.

मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि लू सुटते. दगडी पटियांचं छत दिवसभर तापतं आणि रात्री ती ऊब खाली सोडत बसतं. माडीवरच्या, थेट गच्चीखालच्या खोलीत मध्यरात्र उलटली तरी भिंतीला हात लावून बघा, कोमट लागते. फोटोत हीच खोली सर्वांत देखणी असते. झरोका, जाळी, किल्ल्याचं दर्शन, सगळं तिथेच. उन्हाळ्यात ती घेऊ नका. तळमजल्यावरची, चौकाकडे दार असलेली, जाड भिंतींची खोली घ्या. ती अंधारी असते, पण मे महिन्यात अंधार हीच चैन आहे.

एसी आहे का, असं सगळे विचारतात. विचारा, पण छत किती उंच तेही विचारा. पंधरा फुटी छताच्या खोलीत लहानसा एसी रात्रभर घरघरतो आणि गारवा काही पलंगापर्यंत उतरत नाही. कोरड्या उन्हाळ्यात खिडकीत बसवलेला मोठा कूलर आमच्याकडे जास्त काम करतो, वाळ्याचा असेल तर वासही येतो. मात्र पाऊस सुरू झाला की कूलरचा उपयोग संपला. हवेत ओल असताना तो नुसता चिकचिक वाढवतो. जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्याने एसीचीच खोली घ्यावी. शिवाय भिंतीला ओल येते का, पोपडे पडतात का, हे विचारून ठेवावं. चुन्याच्या भिंतीवर नंतर सिमेंट थापलेलं असेल तर ओल आतच कोंडते आणि गादीला वास लागतो.

थंडीत सगळं उलटं करायचं. डिसेंबरअखेरीपासून जानेवारीभर पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, धुकं दहा-दहा वाजेपर्यंत हटत नाही. तळमजल्याच्या ज्या खोलीने मे महिन्यात वाचवलं, तीच आता शीतगृह होते. फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. या दिवसांत माडीवरची, पूर्वेला किंवा दक्षिणेला खिडकी असलेली खोली मागा. आणि गच्चीवर जायला परवानगी आहे का ते विचारा. थंडीत वाड्यातली खरी बैठकीची खोली गच्चीच असते. सकाळी दहा ते दुपारी तीन सगळं घर तिथे. कुणी मटार सोलतंय, कुणी केस वाळवतंय. पाहुण्यालाही चटई मिळते.

ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर मात्र ऋतू बाजूला ठेवा आणि फक्त जिन्याचा विचार करा. वाड्याचे जिने भिंतीत कोरल्यासारखे अरुंद, पायऱ्या उंच, मधेच वळण, आणि कठड्याऐवजी कधीकधी नुसता दोरखंड. गुडघे दुखणाऱ्याला तो जिना एकदा चढणं जमतं, दिवसातून चारदा नाही. तळमजला घ्या आणि थंडीसाठी जादा रजया मागा.

तारखा बघा, गर्दी तारखांवर अवलंबून

तानसेन समारोह डिसेंबरात असतो. १९२४ मध्ये सुरू झालेल्या या परंपरेचं २०२४ साली शंभरावं वर्ष झालं. शहनाई, ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद, या क्रमाने होणारी सुरुवात आजही ऐकण्यासारखी. मराठी माणसाने ती हरिकथा तरी चुकवू नये. मैफली हजीऱ्याला, तानसेनांच्या समाधीपाशी होतात. लष्करातून ते काही किलोमीटरचं अंतर आहे. रात्री उशिरा गायन संपतं तेव्हा कडाक्याची थंडी असते आणि रिक्षा तोंडाला येईल तो आकडा सांगते. जाताना ज्या रिक्षाने गेलात त्याच रिक्षावाल्याला परतीचं ठरवून त्याचा नंबर घ्या, नाहीतर यजमानांना सांगा, त्यांच्या ओळखीचा कुणी असतोच.

त्याच सुमाराला ग्वाल्हेरचा मेळा भरतो. १९०५ साली माधवराव महाराजांनी सुरू केलेला, आता व्यापार मेळा म्हणून ओळखला जाणारा. ज्या वर्षी वाहनांच्या करात सूट जाहीर होते त्या वर्षी गाड्या घ्यायला दूरदूरचे लोक येतात आणि खोल्या त्यांनीच अडवलेल्या असतात.

तिसरी गर्दी लग्नांची. आमच्याकडे सहालग म्हणतात. देवउठनी एकादशीनंतर वरातींचा मोसम सुरू होतो, बँड रात्री उशिरापर्यंत वाजतो, आणि लष्करच्या गल्ल्या एवढ्या चिंचोळ्या की घोडा जणू तुमच्या खिडकीतूनच निघालाय. त्या दिवसांत रस्त्याकडची खोली नको. चौकाकडची घ्या. चौकाकडे शांतता असते असं मात्र नाही, चारी भिंती आवाज वर फेकतात. सकाळी साडेपाचला मोरीत पडलेली बादली तिसऱ्या माळ्यावर ऐकू येते. पण हा घरचा आवाज, तो दोन दिवसांत कानाआड होतो.

फोन करा, आणि असा करा

ॲपवरून खोली धरली तरी फोन केल्याशिवाय पैसे देऊ नका. मालक मराठी असतीलच असं नाही. कित्येक वाडे विकले गेलेत, तिथे हिंदीच चालेल. मराठी घर असेल तर बोलणं साधारण असं होतं:

‘काकू, आम्ही चौघं येतोय. खोली कुठली देणार?’

‘अहो, सगळ्या चांगल्याच आहेत आमच्या.’

इथेच बहुतेक जण ‘बरं बरं’ म्हणून फोन ठेवतात. ठेवू नका. पुढचं विचारा, तेही गोडीत: खोली खाली की माडीवर? खिडकी चौकात उघडते की गल्लीत? संडास-बाथरूम खोलीला लागून आहे की ओसरी ओलांडून जायचं? कमोड आहे की देशी? गरम पाणी चोवीस तास की सकाळी ठरलेल्या वेळी? मग एक विनंती करा: ‘काकू, जरा व्हिडिओ कॉलवर रस्त्यापासून खोलीपर्यंत चालत जाल का?’ तेवढ्यात सगळं दिसतं. गल्ली, जिना, उंबरे, खोलीतला उजेड, बाथरूमचं दार किती ठेंगणं, सगळं. जे घर हे आनंदाने करतं ते पुढेही अडवत नाही, हा माझा अनुभव. जे टाळतं त्याला सोडा, दुसरं घर आहे.

पाण्याचं वेगळं विचारा. शहराला पाणी तिघरा धरणातून येतं, १९१६ साली सांक नदीवर बांधलेल्या. धरण खाली गेलं की नळाला एक दिवसाआड पाणी. वाड्याला बोअर आहे का, टाकी केवढी, हा प्रश्न मे महिन्यात एसीपेक्षा मोठा असतो. विजेसाठी इन्व्हर्टर आहे का आणि त्यावर पंखा चालतो की नुसता दिवा, एवढं पुरे.

गाडीने येणार असाल तर गाडी कुठे लावायची हेही आत्ताच. वाड्याच्या दारापर्यंत मोटार येत नाही असं गृहीतच धरा. बहुधा बाड्याजवळच्या पार्किंगात लावून ई-रिक्षाने आत यावं लागतं. चार मोठ्या बॅगा आणण्यापेक्षा दोन हलक्या आणा, त्या जिन्यातून न्यायच्या तुम्हालाच आहेत.

पैसे: आगाऊ एका रात्रीचं भाडं देणं वाजवी. सगळं भाडं आधी मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. यूपीआयवर पैसे पाठवताना समोर येणारं नाव मालकाच्या किंवा जागेच्या नावाशी जुळतं का ते पाहा. खोट्या नंबरांचे प्रकार सगळीकडे चाललेत, वाडा त्याला अपवाद नाही. बेत रद्द झाला तर काय, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. छोट्या जागेत नियम नसतात, शब्द असतो, तो लिहिलेला बरा.

कागदपत्रं

प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं, पॅन कार्ड चालत नाही कारण त्यावर पत्ता नसतो. आधारची प्रत द्यायची झाली तर आधी आकडे झाकलेली, शेवटचे चारच अंक दिसणारी देऊ करा. ती अधिकृत आहे. मूळ कार्ड कुणाकडे ठेवायला देऊ नका, दाखवा आणि परत घ्या.

बरोबर परदेशी पासपोर्टवालं कुणी असेल, समजा अमेरिकेत जन्मलेला भाचा, तर हे फोनवरच सांगा. अशा पाहुण्याची नोंद मालकाला २४ तासांत सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. ज्यांनी त्यासाठी नाव नोंदवलेलं नाही, ते दारातून परत पाठवतात. यात त्यांचा आगाऊपणा नसतो, दंड त्यांनाच होतो. रात्री अकराला हे कळण्यात मजा नाही.

पोचताना

मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम आणि गोवा एक्स्प्रेस ग्वाल्हेरला थांबतात. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला वाड्याचं नाव सांगून उपयोग नाही. त्याला गल्लीजवळची खूण सांगा, देऊळ, शाळा, मिठाईवाला, जे यजमानांनी सांगितलं असेल ते. नकाशावरची टाचणी पुष्कळदा मागच्या गल्लीत पडते, जिथून वाड्याला दारच नसतं. शेवटच्या वळणावर फोन करा, कुणीतरी पोरगा घ्यायला येतो.

रात्री उशिरा पोचणार असाल तर गाडीचं नाव आधी कळवा आणि दार कोण उघडणार ते विचारून ठेवा. मोठा दरवाजा रात्री आतून अडसर लावून बंद होतो, उघडी राहते ती दिंडी, म्हणजे मोठ्या दारातलं छोटं दार. तीतून वाकून, उंबरा ओलांडून, बॅग आधी आत सरकवून शिरायचं. उंच माणसांनी डोकं सांभाळावं. दिंडीची कपाळमोक्ष करण्याची परंपरा जुनी आहे.

खोलीत शिरल्यावर, बॅग उघडण्याआधी

दिवे, पंखा, गीझर, फ्लश सुरू करून बघा. मग बोर्डाकडे नीट पाहा. जुन्या वाड्यात वायरिंग नंतर ओढलेली, भिंतीवरून पट्टीत नेलेली असते. एकाच बोर्डावर हीटर, गीझर आणि चहाची किटली एका वेळी लावली तर तुमच्या खोलीची नाही, अख्ख्या चौकाची वीज जाते आणि सगळे माडीकडे बघतात. एक झालं की दुसरं.

दाराची कडी आतून लागते का बघा. जुनी सागवानी दारं पावसाळ्यात फुगतात, थंडीत आकसतात. कोयंडा बसत नसेल तर दार किंचित उचलून कडी लावायची युक्ती असते, ती घरातल्या पोरालाच विचारा. बाहेरून कुलूप स्वतःचं लावायची मुभा असेल तर लावा. दाराच्या दोन फळ्यांमधून उजेड दिसत असेल तर थंडीत तिथून वारा येणार, एक जुनी चादर मागून रात्री खाली सारा.

बाथरूम नंतर काढलेलं असतं, त्यामुळे त्याची फरशी खोलीपेक्षा चढलेली आणि मधे एक अनपेक्षित पायरी. रात्री दिवा लावूनच जा.

आणि एक गोष्ट, जिच्यात गंमत नाही. थंडीत कुणी प्रेमाने कोळशाची शेगडी खोलीत आणून ठेवली तर हात शेकून घ्या आणि झोपण्याआधी ती बाहेर ठेवायला लावा. बंद खोलीत कोळसा धुमसत राहिला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. उत्तरेत दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. ‘आम्ही वर्षानुवर्षं ठेवतो’ असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. जादा रजई मागा.

घरात राहताना

चपला कुठे काढायच्या ते घरातल्यांच्या चपला बघून कळतं. देवघर चौकाला लागून असेल तर त्या बाजूने पादत्राणं घालून जाऊ नका, आणि पूजा चालू असताना फोटो काढू नका. वाड्याचे फोटो खुशाल काढा, पण चौकात वाळत घातलेले कपडे आणि स्वयंपाकघराचं दार टाळून. माडीवर जुने भाडेकरू असतात, त्यांचा तुमच्या मुक्कामाशी काही संबंध नाही. त्यांच्या ओसरीत शिरून झरोका बघायचा मोह आवरा, निदान विचारून जा.

दारू आणि सामिष जेवण याबद्दल आधी विचारलेलं बरं. पुष्कळ घरांत चालत नाही, काही घरांत गच्चीवर चालतं पण बोललं जात नाही.

घरातल्या वयस्क माणसाशी मात्र अर्धा तास बसाच. वाड्याचा इतिहास वेबसाइटवर असतो त्यापेक्षा वेगळा त्यांच्याकडून कळतो: कुठल्या दालनात शिकवण्या चालत, कुठल्या कोनाड्यातली पणती दिवाळीखेरीज लावत नाहीत, वाटणीत जिना कुणाकडे गेला. गाण्याची आवड असेल तर ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडित यांचा विषय काढा. १८९३ ते १९८९ असं दीर्घ आयुष्य, १९१४ साली इथे काढलेलं गांधर्व महाविद्यालय. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेली माणसं लष्करात अजून भेटतात आणि मग चहा थंड होतो. सांगण्यात थोडी भर असते, सरदार घराण्याचे किस्से दर पिढीत वाढत जातात. ऐकायला काय जातं?

जेवणखाण

न्याहारी घरी मिळाली तर पोहे किंवा पराठे. पण एक दिवस तरी बाहेर बेडई खा, वाटलेल्या डाळीचं सारण भरलेली पुरी आणि तिखट बटाट्याची रस्साभाजी, शेजारी जिलबी. ती सकाळीच. दुपारी मागितलीत तर दुकानदार तुमच्याकडे दयेने बघेल. नया बाजारात बहादुराचे लाडू प्रसिद्ध आहेत. थंडीत गजक, मुरैन्याचं नाव घेऊनच विकतात. खरेदी शेवटच्या दिवशी करा, प्रवासात तिचा चुरा होतो.

घरचं जेवण हवं असेल तर सकाळी दहाच्या आत सांगायचं. छोट्या घरात भाजी त्यानंतर चिरली जाते, आयत्या वेळी दोन पानं वाढवणं म्हणजे काकूंना पुन्हा चुलीपुढे उभं करणं.

फिरण्याचा दिवस कसा बसवावा

थोडक्यात: किल्ल्यावर गाडी उरवाई दरवाज्याने जाते, वाटेत कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती दिसतात. पायी चढायचं तर पूर्वेकडून, हाथी पोलाकडून, आणि तो चढ आहे, नावाला रस्ता. थंडीत धुकं हटल्यावर जा. नाहीतर मानसिंहाचा महाल तुमच्या पुढ्यात असूनही निळ्या फरशांची नक्षी दिसणार नाही. उन्हाळ्यात दार उघडताच आत शिरा आणि अकराच्या आत परत या. दुपार वाड्याच्या तळमजल्यावर झोपायची. दुपारी फिरणारे पर्यटक आम्हाला लांबूनच ओळखू येतात.

निघताना

बिल मागून घ्या. खोलीचं भाडं दिवसाला ७५०० रुपयांपर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी ५ टक्के लागतो. कुणी जुन्या दराने १२ टक्के लावला तर विचारा. अगदी लहान जागा नोंदणीच्या मर्यादेत येत नसेल तर कर लागणारच नाही, पण मग बिलावर जीएसटीची ओळही असता कामा नये. कामवाल्या बाईला, पाणी भरणाऱ्या पोराला द्यायचे ते पैसे वेगळे, हातात द्या. मालकांच्या हाती दिलेले पोचतात, पण उशिरा.

थंडीतला परतीचा प्रवास नीट आखा. येताना तुमची गाडी दक्षिणेकडून येते, धुक्याचा फटका कमी बसतो. परतीची पंजाब मेल किंवा झेलम मात्र उत्तरेकडून धुक्यातून येत असते, सहा-आठ तासांचा उशीर नवलाचा नाही. त्यामुळे सकाळी अकराला खोली सोडून स्टेशनावर जाऊन बसू नका. आदल्या रात्रीच यजमानांशी बोला, अर्ध्या दिवसाचं भाडं किंवा सामान ठेवायला जागा यांपैकी काहीतरी ठरतं. मग रजईत बसून रेल्वेच्या ॲपवर गाडी बघत राहा. आग्रा सोडलं की आवरायला घ्या, धौलपूर सोडलं की रिक्षा बोलवा.